झोपलेल्या मुलाला कॉडल-एपिड्युरल देणं कितपत सुरक्षित?

तुमचा प्रश्न मी असा समजले. एमडी होऊन तुम्ही नुकतेच सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी रुजू झाला आहात. घाटावरून बालशल्यचिकित्सक ठरलेल्या दिवशी येतात आणि हर्निया, वृषण खाली न उतरलेली मुलं, हायपोस्पाडियास (लघवीचं छिद्र लिंगाच्या खालच्या बाजूला असणं), वाकडी पावलं अशी लिस्ट लावतात. कॉडल (मणक्याच्या अगदी तळाशी टोचून दिलेलं एपिड्युरल) तुम्ही शिकताना केलेत, पण तेव्हा शेजारी सीनियर उभे असायचे. आता शल्यचिकित्सक सुचवताहेत की मोठ्या केसना एपिड्युरल कॅथेटर (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडणारी बारीक नळी) ठेवा, मुलं शांत राहतात. तुमची शंका अशी की मोठ्या माणसाला आपण जागं ठेवून एपिड्युरल देतो; पायात कळ गेली तर तो सांगतो. मूल आधीच झोपवलेलं असतं. मग सुई भलतीकडे गेली हे कळायचं कसं? शिवाय एपिड्युरलची जागा ओळखायला सिरिंजमध्ये हवा वापरायची की सलाईन, आणि किती खोल जायचं, हेही तुम्ही विचारलंत.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात बरीच वर्षं भूल देते आहे, त्यातली बरीचशी छोट्या रुग्णालयांत. त्यामुळे उत्तर तिथल्या नजरेनं देते. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. झोपलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालावी का, हा पहिला. या मुलाला, या रुग्णालयात, आज रात्री याची गरज आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जगानं बऱ्यापैकी शोधून ठेवलंय. दुसऱ्याचं तुम्हालाच द्यावं लागणार, आणि माझ्या मते मुलाची सुरक्षितता जास्त करून त्या दुसऱ्या उत्तरावर ठरते.

आधी पहिला. युरोपातली ईएसआरए आणि अमेरिकेतली एएसआरए या प्रादेशिक भुलीच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्रित शिफारशी काढल्या. मुलांना पूर्ण भूल किंवा खोल गुंगी देऊन असे ब्लॉक (औषध टोचून ठराविक नसा बधिर करणं) करणं हीच प्रचलित आणि स्वीकारार्ह पद्धत आहे, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. त्यामागचं कारण साधं आहे. तीन वर्षांचं मूल कळ गेली हे नीट सांगू शकत नाही, आणि सुई आत असताना ते अचानक हललं तर धोका कितीतरी मोठा. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांच्या पीआरएएन या जाळ्यानं २०१८ मध्ये १ लाखाहून जास्त ब्लॉकची नोंद प्रसिद्ध केली. त्यात कायमची मज्जातंतूची इजा एकाही मुलाला झालेली नव्हती. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत १०,६३३ एपिड्युरलचं ऑडिट झालं, ते २००७ मध्ये आलं. वर्षभरानंतरही त्रास उरलेलं मूल त्यात एकच होतं.

हे आकडे वाचून धीर येतो, यायलाही हवा. पण ते कुठले आहेत हेही बघा. जिथे रोज मुलांनाच भूल देणारे लोक आहेत, रात्री वेदनांवर लक्ष ठेवणारी वेगळी टीम फिरते, अशा ठिकाणचे ते आहेत. आणि त्या ब्रिटिश ऑडिटमधल्या गंभीर घटनांत जंतुसंसर्ग आणि औषधाची चूकही होती, म्हणजे सुई नीट बसल्यानंतरच्या गोष्टी. आपल्याकडे नेमकी तीच बाजू दुबळी असते.

म्हणून मी केस ठरवतानाच अर्धी काळजी निपटून टाकते. तुमच्या लिस्टमधल्या बहुतेक ऑपरेशन बेंबीच्या खालच्या आहेत. त्यांना एका डोसचं कॉडल पुरतं. चारेक तास, कधी सहा तासही आराम मिळतो, आणि पुढचं पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनवर निभावतं. एका बाजूचा हर्निया असेल आणि अल्ट्रासाउंडवर हात बसलेला असेल तर इलिओइंग्वायनल ब्लॉक (जांघेजवळच्या नसांचा) आणखी सोपा. मणक्याच्या वाटेला जायलाच नको. मुलांच्या बाबतीत सगळीकडेच मध्यवर्ती ब्लॉककडून असल्या बाहेरच्या ब्लॉककडे कल वाढलाय, आणि ते योग्य आहे. कॅथेटर लागेल अशी केस म्हणजे मोठं पोट उघडणं, खुब्याचं हाड कापून बसवणं. अशी केस तुमच्या लिस्टवर दिसली तर पहिला प्रश्न एपिड्युरलचा नकोच, ती केस इथे करायची का हा हवा.

नको म्हणायची कारणं पुस्तकात असतातच: पालकांचा नकार, सुईच्या जागी जंतुसंसर्ग, रक्त गोठण्यातला दोष, मेंदूवरचा वाढलेला दाब, मणक्याची जन्मजात विकृती. शेवटच्या कारणासाठी एकच करायचं. मुलाला उलटं करून कंबर उघडी करायची आणि उजेडात बघायची. खळगा, केसांचा झुबका, लाल डाग, चरबीची गाठ यांतलं काही दिसलं तर सुई नाही. हे ओपीडीतच करा; टेबलावर मूल झोपल्यावर दिसलं तर मोह होतो.

रक्त गोठण्याबद्दल मात्र कोकणात वेगळं बोलायला हवं. हर्नियाच्या निरोगी पोराला कोणी गोठण्याच्या तपासण्या करत नाही, आणि करायची गरजही नसते. आई-वडिलांना विचारलेलं पुरतं: दात पडताना रक्त थांबलं का, मार लागल्यावर निळं-काळं फार होतं का, घरात कुणाला तसला त्रास आहे का. पण पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टो, डेंगी, मलेरिया इथे घरोघरी असतात. दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडताप आहे, तो उलट हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्यात येतो. या सगळ्यांत प्लेटलेट खाली जातात. म्हणून मी 'आता ताप आहे का' एवढ्यावर थांबत नाही, 'गेल्या महिन्याभरात ताप येऊन गेला का' हेही विचारते. हो म्हणाले तर प्लेटलेट बघते. दुसरं म्हणजे फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं चावलेलं पोर काही दिवसांनी हातापायाची जखम साफ करायला ऑपरेशन थिएटरात (ओटीत) येतं आणि कोणीतरी म्हणतं, कॉडलवर करून टाकू. फुरशाच्या विषानं रक्त गोठणं बिघडतं, आणि सुधारल्यासारखं वाटून ते पुन्हाही बिघडू शकतं. अशा मुलाच्या पाठीला मी हात लावत नाही.

उपासाबद्दल इथेच एक सांगून ठेवते, कारण मूल भुलीत आहे आणि आपण त्याला कुशीवर वळवणार आहोत. 'पाण्याशिवाय काही देऊ नका' असं सांगितलं की आपल्याकडच्या आज्या पेज देतात. त्यांच्या हिशोबी पेज पाण्यातच जमा. पेज म्हणजे भात. तिला सहा तास हवेत. 'पेजसुद्धा नको' हे शब्द तोंडानं उच्चारा.

आता कॉडलची पद्धत. मूल झोपलं, शिरेत सुई लागली, श्वासमार्ग पक्का झाला, मॉनिटर लागले, मगच वळवायचं. मी डाव्या कुशीवर घेते, गुडघे पोटाशी. नितंबांमधली घडी कुशीवर खालच्या बाजूला ओघळते, तिला मध्यरेषा समजू नका. वरच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांची मागची टोकं शोधा. त्या दोन टोकांना पाया धरून खाली समभुज त्रिकोण काढला की त्याचं टोक साधारण सेक्रल हायटसवर (कमरेखालच्या सेक्रम हाडाच्या टोकाशी असलेली फट) येतं. तिथे डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक ठेवून हळूच इकडेतिकडे सरकवा. दोन बारीक उंचवटे लागतात, ते कॉर्नुआ. त्यांच्यामधला खोलगट भाग हीच जागा. बोटाला उंचवटे स्पष्ट लागले नाहीत तर सुई उचलूच नका. अल्ट्रासाउंड असेल तर आडवा प्रोब ठेवा, दोन कॉर्नुआ आणि मधलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) लगेच दिसतं. कॉडल फसतं ते बहुतेक वेळा जागा नीट न चाचपता घाई केल्यानं.

क्लोरहेक्झिडिन लावलंत तर ते पूर्ण वाळू द्या, आणि त्याची वाटी ब्लॉकच्या ट्रेवर ठेवू नका. मज्जारज्जूच्या आवरणांना ते घातक आहे, आणि वाट्या अदलाबदल झाल्याची उदाहरणं जगात आहेत. हातमोजे निर्जंतुक, मास्क तोंडावर, एका डोसच्या कॉडललाही.

सुई २२ नंबरची, आखूड, कमी धारेची. ती मिळत नसेल तर २२ नंबरचा आयव्ही कॅन्युला. मला तोच आवडतो, कारण लिगामेंट ओलांडल्यावर मऊ नळी तेवढी पुढे सरकवता येते, आणि ती सहज सरकली तर जागा बरोबर असल्याचा एक पुरावा मिळतो. त्वचेशी सुमारे ४५ ते ६० अंशांचा कोन. लिगामेंट ओलांडताना बोटांना एक बारीक 'टक' जाणवतं. जाणवलं की थांबा, सुई थोडी आडवी करा आणि फार तर २-३ मिलिमीटर पुढे. त्याहून जास्त नाही. नवजात बाळात ड्युरल सॅक (मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी) तिसऱ्या-चौथ्या सेक्रल मणक्यापर्यंत खाली आलेला असतो, वर्षभरात तो दुसऱ्यापर्यंत वर जातो. म्हणजे मूल जितकं लहान तितकी तुमची सुई पाण्याच्या पिशवीच्या जवळ.

मग सिरिंज लगेच जोडू नका. कॅन्युलाचं तोंड उघडं ठेवून क्षणभर वाट बघा. रक्त किंवा पाणी असेल तर बऱ्याचदा आपोआप खाली येतं. ओढून बघितल्यावर काही आलं नाही, याचा अर्थ शिरेत नाही असा होत नाही. मुलांच्या तिथल्या शिरा इतक्या नाजूक असतात की ओढल्यावर मिटतात. औषध देताना डाव्या हाताची बोटं सेक्रमवर ठेवा. कातडीखाली फुगवटा आला तर औषध बाहेर चाललंय. जोर लावावा लागत असेल तरी जागा चुकलीय. बरोबर जागी औषध सहज जातं.

डोसचा हिशोब मी दरवेळी कागदावर मांडते आणि सिस्टरकडून मोठ्यानं वाचून घेते. आर्मिटेजनं १९७९ मध्ये सांगितलेलं प्रमाण अजून वापरात आहे: सेक्रल भागासाठी किलोला अर्धा मिली, कमरेपर्यंत १ मिली, छातीच्या मध्यापर्यंत सव्वा मिली. यातलं सव्वा मी वापरत नाही. औषध नको तेवढं वर चढू शकतं. बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची एका वेळची कमाल मर्यादा किलोला २.५ मिग्रॅ, तान्ह्या बाळाला त्याहूनही बरीच कमी. आता बारा किलोचा मुलगा घ्या, वृषण खाली आणायचंय. किलोला १ मिलीनं १२ मिली. ते ०.२५ टक्क्यांचं दिलंत तर ३० मिग्रॅ झाले, म्हणजे तुम्ही बरोबर मर्यादेवर उभे आहात आणि चुकायला जागा उरली नाही. त्याऐवजी ०.५ टक्क्यांचं ४.८ मिली घेऊन सलाईननं १२ मिली करा. ते ०.२ टक्के होतं, एकूण २४ मिग्रॅ, किलोला २. आराम जवळपास तेवढाच, पायही लवकर हलतात. रोपिव्हाकेन मिळत असेल तर उत्तमच, ०.२ टक्क्यांचं किलोला १ मिली.

इथे दोन सापळे आहेत. आपल्या कपाटात मणक्यातल्या भुलीचं हेवी बुपिव्हाकेन असतं, ४ मिलीच्या अँप्यूलमध्ये, ग्लुकोज घातलेलं. ते कॉडलच्या ट्रेजवळही यायला नको. दुसरा सापळा शल्यचिकित्सकांचा. शेवटी टाके घालताना ते प्रेमानं जखमेत बुपिव्हाकेन टोचतात. तुम्ही आधीच मर्यादेजवळ असाल तर तो डोस वरचा ठरतो. ऑपरेशन सुरू होण्याआधीच सांगून ठेवा की आज जखमेत काही टोचायचं नाही, किंवा किती टोचता येईल ते मी सांगते. ३० मिलीच्या मल्टिडोस बाटलीतलं लिग्नोकेनही वापरू नका. त्यात टिकवण्यासाठी मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं.

टेस्ट डोस (औषध शिरेत जातंय का हे बघायचा छोटा डोस) ऐच्छिक मानला जातो. मी तो सोडत नाही. २० मिली औषधात १ मिग्रॅ-प्रति-मिली अॅड्रिनलिनचं ०.१ मिली टाकलं की प्रत्येक मिलीत ५ मायक्रोग्रॅम होतात. हे ०.१ मिली ट्युबरक्युलिनच्या सिरिंजमध्येच मोजा. त्यातलं किलोला ०.१ मिली, जास्तीत जास्त ३ मिली द्या आणि दीड मिनिट मॉनिटरकडे बघत राहा. नाडी १० नं वाढली, वरचं बीपी १५ नं वाढलं किंवा ईसीजीतली टी लाट उंच झाली तर औषध शिरेत चाललंय. मूल सेव्होफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीवर असताना नाडी फसवते, टी लाट त्या मानानं खरं बोलते. म्हणून मी टोचण्याआधी ईसीजी मोठा करून घेते आणि नेहमीची टी लाट डोळ्यांत भरून ठेवते. टेस्ट डोस स्वच्छ गेला तरी बाकीचं औषध एकदम देत नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, ओढून बघायचं, ईसीजी बघायचा, पुन्हा थोडं.

वाकड्या पावलाच्या ऑपरेशनला आलेली एक छोटी मुलगी माझ्या लक्षात आहे. कॅन्युला सहज बसला होता. ओढल्यावर काही नाही, टेस्ट डोसला काही नाही. औषधाच्या दुसऱ्या हप्त्याला टी लाट वर जायला लागली, कॉम्प्लेक्समागून कॉम्प्लेक्स, तंबूच्या टोकासारखी. हात थांबवला. पुन्हा ओढून बघितलं तर तेव्हाही सिरिंज कोरडीच. मिनिटभरात लाट खाली बसली. कॅन्युला काढून टाकला आणि पायाचा ब्लॉक अल्ट्रासाउंडवर केला. गेलेला डोस इतका थोडा होता की मुलीला काहीच झालं नाही. हप्त्याहप्त्यानं देण्याचा सगळा अर्थ मला त्या मिनिटात दिसतो, म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आता कमरेतलं एपिड्युरल, कारण तुम्ही तेच विचारलंत. मोठ्यांमध्ये कमरेच्या हाडांची रेषा चौथ्या लंबर मणक्यावरून जाते. मुलांत ती पाचव्यावर असते, नवजात बाळात पाचवा लंबर आणि पहिला सेक्रल यांच्यामध्ये. मज्जारज्जू नवजात बाळात तिसऱ्या लंबर मणक्यापर्यंत खाली असतो. म्हणून बाळांत जितकं खाली जाता येईल तितकं जा. खोली: सहा महिने ते दहा वर्षांपर्यंत किलोला सुमारे १ मिलिमीटर. दहा किलोच्या मुलात साधारण १ सेंटिमीटर, वीस किलोच्यात २. ही फक्त अंदाजाची रेघ आहे. तिच्या बरंच आधीपासून सिरिंजला जाणवणारा विरोध तपासायला सुरुवात करायची; तो सुटला की जागा आली. अल्ट्रासाउंडनं आधी बघून घेतलंत तर अंदाज पक्का होतो, आणि लहान बाळात हाडं पुरती कडक झालेली नसल्यानं ड्युरा (मज्जारज्जूचं बाहेरचं आवरण) आणि मज्जारज्जूसुद्धा स्वच्छ दिसतात.

५ सेंटिमीटरची टूही सुई (एपिड्युरलची खास सुई), १८ किंवा १९ नंबरची. मोठ्यांची लांब सुई हातात असेल तर ब्लॉक करू नका. बाहेर राहिलेली लांबी हाताला डोलवते. मोठ्यांचं लिगामेंट सुईला धरून ठेवतं. बाळाचं शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखं असतं. सुटल्याचा झटका इतका हलका की लक्ष उडालं तर सुई पार. त्यामुळे डाव्या हाताची मागची बाजू मुलाच्या पाठीवर टेकलेली, सुई दोन बोटांत, आणि पुढे जाणं मिलिमीटरच्या हिशोबात.

हवा की सलाईन? शिफारशी दोन्ही चालवून घेतात, पण तान्ह्यांत हवा वापरायची तर १ मिलीच्या आत. मी सलाईनच वापरते. हवा शिरेत गेली तर बाळाला ती झेपत नाही, आणि जागेत राहिली तर भूल तुकड्या-तुकड्यांत लागते. सलाईनची अडचण अशी की सुईतून थेंब आला तर तो सलाईनचा की मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा, हे चटकन कळत नाही. म्हणून सलाईन अगदी थोडं घ्या. शंका आलीच तर थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर धरा. सलाईनमध्ये साखर नसते.

कॅथेटर जागेत २-३ सेंटिमीटर पुरे. अडला तर सुई आणि कॅथेटर एकत्र बाहेर काढायचे. सुईतून कॅथेटर मागे ओढला तर तो कापला जाऊ शकतो. छातीच्या पातळीला झोपलेल्या बाळात थेट सुई घालू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगते. लहान बाळांत कॉडलमधून कॅथेटर वर सरकवण्याची पद्धत १९८८ पासून प्रचलित आहे, पण टोक कुठे पोचलं हे अल्ट्रासाउंड, एक्स-रे किंवा विजेच्या स्टिम्युलेशननं पडताळावं लागतं. ती सोय आणि सराव असलेल्या ठिकाणचं ते काम आहे.

इथवरचा भाग तुम्हाला जमेल. हात शिकतो. आता मी जिथे अडते तो भाग: रात्र. कॅथेटरमधून ०.१ टक्के बुपिव्हाकेन किलोला ताशी ०.२ मिलीनं सुरू केलं, मूल पंधरा किलोचं, म्हणजे पंपावर ताशी ३ मिली. कमाल मर्यादा किलोला ताशी ०.४ मिग्रॅ, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ०.२. आकडे सोपे आहेत. पण रात्री दोन वाजता वॉर्डात एकच सिस्टर आहे, तिच्याकडे बाळंतिणीही आहेत. वीज गेली आणि आली की पंप कुठल्या दरावर सुरू झाला हे कोण बघणार? मूल पाय हलवतंय का, हे वेळच्या वेळी कोण विचारणार? आयव्हीची नळी आणि एपिड्युरलची नळी एकाच मुलाच्या एकाच बाजूला लोंबकळत असताना अँटिबायोटिक चुकीच्या नळीत जाणार नाही याची खात्री कोण देणार? सिस्टरचा यात काही दोष नाही. एका माणसावर टाकायचं ओझंच ते नव्हे.

कॅथेटर ठेवायचाच असेल तर एचडीयूत (जास्त देखरेखीच्या कक्षात) किंवा ओटीला लागून असलेल्या खोलीत, पल्स ऑक्सिमीटर सतत लावून, आणि तुम्ही स्वतः त्या रात्री आवारात. नळीवर मोठ्या अक्षरांत 'एपिड्युरल' लिहिलेली पिवळी पट्टी, मधे औषध टोचायचं एकही तोंड नाही. कोकणातल्या दमट हवेत चिकटपट्टी मेमध्ये तासाभरात सुटते. पारदर्शक ड्रेसिंग लावण्याआधी कातडी अगदी कोरडी करा आणि कडा चारी बाजूंनी बंद करा. दर पाळीला जागा बघायची. लाली, ओल किंवा ताप दिसला तर कॅथेटर काढायचा. पाय दर चार तासांनी हलवून बघायचे. पाय बधिर असताना टाच एकाच जागी टेकून राहिली तर तिथे जखम होते, म्हणून पावलाखाली मऊ घडी. पायाला प्लास्टर असेल आणि मूल औषध चालू असूनही वाढत्या वेदनेनं रडत असेल तर डोस वाढवण्याआधी प्लास्टर उघडून बघा. औषध बंद करून अपेक्षित वेळ उलटली तरी पाय हलत नसतील तर सकाळची वाट बघायची नाही; एमआरआय आणि मणक्याचा सर्जन असलेल्या ठिकाणी, कोल्हापूर असो वा गोव्यातलं बांबोळी, त्याच रात्री निघायचं. पावसात करूळचा किंवा फोंड्याचा घाट बंद असू शकतो हे तेव्हा आठवून उपयोग नाही. कॅथेटर ठेवायचा की नाही हे ठरवताना ते आठवायचं.

औषध शिरेत जाऊन हृदय किंवा मेंदूवर परिणाम झाला तर काय, याची तयारी ब्लॉकच्या आधीची. २० टक्के लिपिड इमल्शनची (शिरेतून द्यायच्या चरबीच्या द्रावणाची) बाटली ओटीत हवी, मेडिकल स्टोअरच्या कपाटात नको. फार्मासिस्ट म्हणतील, एक्स्पायरी होऊन फुकट जाते. जाऊ दे. बाटलीवर दोरीनं कार्ड बांधून ठेवा: किलोला १.५ मिली मिनिटभरात, मग किलोला मिनिटाला ०.२५ मिली. दहा किलोच्या मुलाला १५ मिली, मग मिनिटाला अडीच. हृदय सावरलं नाही तर पहिला डोस पुन्हा. आधी श्वास आणि ऑक्सिजन, झटके आले तर मिडाझोलम, अॅड्रिनलिन किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत. प्रोपोफॉल पांढरं असलं तरी ते लिपिडची जागा घेत नाही.

पालकांशी बोलणं मी ओटीच्या दारात ठेवत नाही, आदल्या दिवशी करते. मागे एका आईनं विचारलं होतं, 'डॉक्टरांनू, झिलाची पाठ जल्मभर दुखाची नाय मां?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असतो, बहुतेक जणी विचारत नाहीत. मी सांगते की सुई बारीक आहे, एक-दोन दिवस तिथे दुखेल, जन्मभर नाही. आणि जे क्वचित होऊ शकतं तेही सांगते, सुई नीट न बसण्यापासून औषध शिरेत जाण्यापर्यंत. घरी सोडताना मूल पायावर उभं राहतं का हे बघायचं, लघवी झाली का विचारायचं. चार-पाच तासांत वेदना परत येईल, तेव्हा पॅरासिटामॉलचा पहिला डोस मूल रडायची वाट न बघता घड्याळ बघून द्यायला सांगायचं. संध्याकाळपर्यंत पाय लटपटू शकतात, तेव्हा अंगणाच्या पायऱ्यांवर एकटं सोडू नका, हेही.

शल्यचिकित्सकांना तुमच्या पुढच्या लिस्टआधी फोन करून एवढं सांगता येईल: बेंबीखालच्या सगळ्या केसना कॉडल किंवा बाहेरचा ब्लॉक मी देईन; कॅथेटर सध्या नाही, रात्रीची सोय झाली की पुन्हा बोलू. समजूतदार शल्यचिकित्सकाला हे पटतं. तुमच्याकडे रात्री किती सिस्टर असतात, एचडीयूत मॉनिटर आहे का आणि पंपाला बॅटरी आहे का, हे कळवलंत तर कॅथेटरबद्दल आणखी नेमकं सांगेन.